कुटुंबासह परदेशी नोकरी आणि रिलोकेशन पॅकेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, कुडाळ, सावंतवाडी इथून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोणी दुबईला निघालेलं असतं, कोणी म्युनिकला, कोणी लंडनला. मी अकरा वर्षं एचआरमध्ये परदेशी बदल्यांचंच काम केलं. त्याआधी दोन लहान मुलं घेऊन आम्ही स्वतः रत्नागिरीहून मस्कतला बिऱ्हाड हलवलं होतं. त्यामुळे मागणाऱ्याची अडचण मला ठाऊक आहे आणि देणाऱ्याचीही. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. सगळे वाचायची गरज नाही, आपला तेवढा शोधा.

१. रिलोकेशन पॅकेज म्हणजे नेमकं काय? पगार ठरला की त्यात सगळं आलंच ना?

पगार तिकडे करायच्या कामाचा असतो. पॅकेज असतं ते इथलं घर उठवून तिकडे परत मांडेपर्यंतच्या खर्चाचं. दोन्ही गोष्टी वेगळ्या बोलायच्या आणि वेगळ्या लिहून घ्यायच्या. पॅकेजमध्ये सहसा विमानाची तिकिटं, व्हिसा, कागदपत्रांचं साक्षांकन, सामानाची वाहतूक, पहिले काही आठवडे हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंट, घर शोधून देणाऱ्या एजंटची फी आणि मुलांचा शाळाप्रवेश येतो. यातलं फार थोडं कायद्याने कंपनीवर बंधनकारक असतं, बाकीचं बोलून मिळवावं लागतं.

देण्याच्या तीन तऱ्हा असतात. एक, एकरकमी पैसे. दोन, तुम्ही खर्च करा, बिलं द्या, मर्यादेपर्यंत परत मिळेल. तीन, कंपनीच विमान कंपनीला, मूव्हर्सना, वकिलाला थेट पैसे देते. सडाफटिंग माणसाला एकरकमी सोयीची पडते. मुलंबाळं असतील तर माझा सल्ला असा: तिकिटं, व्हिसा आणि सामान कंपनीने थेट करावं, आणि किरकोळ खर्चाला छोटी एकरकमी घ्यावी. वाहतुकीचे दर वाढले तर तो भार मग तुमच्या डोक्यावर येत नाही.

२. जास्त मागितलं तर ऑफरच जाईल, अशी भीती वाटते. विचारावं का?

विचारावं. इतक्या वर्षांत नीट, मुद्देसूद विचारलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी पाहिली नाही. ‘थोडं वाढवून द्या ना’ असं मोघम बोलणं मात्र वाया गेलेलं खूप पाहिलं. एचआरमधल्या माणसाला वर मंजुरी घ्यायची असते आणि मंजुरीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. ते कारण तुम्ही त्याच्या हाती दिलंत की काम सोपं होतं. ‘तुमच्या पत्रात मुंबई ते दुबई चौघांची तिकिटं आहेत, पण सामान सावंतवाडीहून उचलायचं आहे आणि तो टप्पा कुठेच धरलेला नाही’ हे वाक्य मंजूर होतं.

वेळ एकच: लेखी ऑफर हातात आल्यावर आणि सही करण्याआधी. इथल्या नोकरीचा राजीनामा त्यानंतर. राजीनामा देऊन बसलेल्या माणसाला घाई आहे हे समोरच्याला लगेच कळतं.

३. आकडा किती सांगायचा? मित्राला तीन लाख मिळाले, मी पाच मागू का?

मित्राचा आकडा बाजूला ठेवा. त्याचं घर वेगळं, मुलांची वयं वेगळी, देश वेगळा. एका रात्री जेवणं आटोपल्यावर दोघांनी वही घेऊन बसावं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, माळा असं फिरत प्रत्येक वस्तूपुढे ‘नेणार’, ‘विकणार’, ‘ठेवणार’ लिहावं. दुसऱ्या पानावर तिकडे पोचल्यापासून पहिला पगार जमा होईपर्यंत खिशातून काय जाणार ते.

दुबईचं उदाहरण घेऊ. वर्षाचं भाडं ८०,००० दिरहम धरा. भाडं आगाऊ तारखांच्या चेकने द्यायची तिथे रीत आहे, कोणी एक चेक मागतो, कोणी चार. चार चेक मान्य झाले तरी पहिला २०,००० चा. बिनफर्निचरच्या घराची अनामत साधारण पाच टक्के म्हणजे ४,०००, एजंटची फी पाच टक्क्यांच्या आसपास म्हणजे आणखी ४,०००. वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत फ्लॅटला २,०००. हे झाले ३०,००० दिरहम, आणि घरात अजून एक गादीही आलेली नाही. म्हणून आखातात भत्त्याची रक्कम वाढवण्यापेक्षा घरभाड्याची बिनव्याजी उचल मागणं जास्त उपयोगाचं ठरतं. पुष्कळ कंपन्या ती देतात, पण आपणहून सांगत नाहीत.

जर्मनीत हिशोब निराळा. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, हीटिंग वगैरेचा खर्च त्यात धरत नाहीत. पण भाड्याच्या अनेक घरांत स्वयंपाकाचा ओटा, कपाटं, कधी सिंकसुद्धा नसतं, आधीचा भाडेकरू आपलं किचन उचलून नेतो. हे आधी माहीत नसलेल्या कुडाळच्या एका कुटुंबाने पहिले पाच आठवडे इंडक्शनच्या एका शेगडीवर काढले.

दोन्ही पानांची बेरीज हा तुमचा आकडा. तो पाच लाख निघो की नऊ.

४. लंडनच्या ऑफरमध्ये ‘व्हिसा खर्च कंपनी करेल’ असं लिहिलंय. म्हणजे बायको-मुलांचाही ना?

गृहीत धरू नका. ‘कर्मचारी आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सर्व कुटुंबीय’ असे शब्द नसतील तर तो खर्च फक्त तुमच्या एकट्याचा. ब्रिटनमध्ये फरक फार मोठा पडतो, कारण व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार असतो आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे. दोन मोठे, दोन मुलं आणि पाच वर्षांचा व्हिसा असेल तर १८,११० पौंड. तेही अर्ज करतानाच, पहिला पगार व्हायच्या कितीतरी आधी.

कंपनी सगळा अधिभार द्यायला तयार नसेल तर निदान उचल म्हणून द्यावी आणि पगारातून हप्त्याने कापावी, असं सुचवा. प्रायोजक कंपनीवर बसणारा इमिग्रेशन स्किल्स चार्ज मात्र कायद्याने कंपनीनेच भरायचा असतो. तो तुमच्या माथी मारत असतील तर ठाम नकार द्या.

५. ‘ग्रॉस-अप’ म्हणजे काय? एचआरने विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली.

कंपनीने दिलेल्या रिलोकेशनच्या पैशांवर अनेक देशांत पगारासारखाच कर लागतो. अमेरिकेत २०१८ पासून असं आहे. समजा तुम्हाला दहा हजार डॉलर ठरले आणि एकूण ३० टक्के कर कापला गेला, तर हातात सात हजार येतात. मूव्हर्सचं बिल मात्र दहा हजारांचंच असतं. ग्रॉस-अप म्हणजे कर कापल्यावर पूर्ण दहा हजार हातात पडावेत म्हणून कंपनीने कराचा बोजाही उचलणं. या उदाहरणात तिला सुमारे १४,२८६ डॉलर मोजावे लागतील. ब्रिटनमध्ये ठरावीक प्रकारच्या स्थलांतर खर्चापैकी ८,००० पौंडांपर्यंत कर लागत नाही, त्याच्या वरच्या भागाचं विचारा.

पत्रात रकमेपुढे ‘करपश्चात’ हा शब्द आहे का, एवढं पाहा. तो घालून घ्यायला कंपनीला फार वाटाघाट लागत नाही. विचारलंच जात नाही, म्हणून राहून जातो.

६. गणपती करूनच निघायचं आहे. जॉइनिंगची तारीख पुढे ढकलली तर काही नुकसान आहे का?

असू शकतं, आणि आखातात जाणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. सविस्तर सांगते.

भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर करासाठी अनिवासी धरला जातो, आणि तिकडे कमावलेल्या पगारावर इथे कर लागत नाही. १८२ किंवा जास्त दिवस झाले तर निवासी, म्हणजे जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. ज्या देशात पगारावर कर आहे तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. अमिरातीत पगारावर करच नाही, त्यामुळे वजावट कसली घेणार? पहिल्या वर्षीचा सगळा पगार इथल्या स्लॅबने करात येतो.

आता दिवस मोजा. एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवस. २८ सप्टेंबर धरून १८१. निघायचा दिवसही भारतातला मोजतात. म्हणजे २८ सप्टेंबर ही शेवटची तारीख. तीही इमिग्रेशनचा शिक्का त्या तारखेचा असेल तर. आखाताची बरीच विमानं मुंबईहून पहाटे सुटतात. २९ च्या पहाटे दोनचं विमान आणि मध्यरात्रीनंतरचा शिक्का म्हणजे १८२ दिवस.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. पाच दिवसांचे, सात दिवसांचे, अनंत चतुर्दशीपर्यंतचेही गणपती करून वेळेत निघता येतं. ज्यांच्या घरी एकवीस दिवसांचे असतात त्यांचं विसर्जन ४ ऑक्टोबरला येतं, ते नाही जमत. आणि वेळेत गेलात तरी त्याच वर्षी दिवाळीला किंवा शिमग्याला परत आलात तर ते दिवसही मोजले जातात. म्हणून शेवटच्या तारखेला न चिकटता आठ-पंधरा दिवस हाताशी ठेवावेत.

कंपनीच म्हणत असेल की डिसेंबरमध्ये या, तर तुमच्या हातात वाटाघाटीचा चांगला मुद्दा आहे: एक तर जॉइनिंग सप्टेंबरच्या मध्यावर आणा, नाहीतर एप्रिलला न्या, नाहीतर पहिल्या वर्षीचा इथला कर कंपनीने भरावा. तिन्ही मिळालेली उदाहरणं मी हाताळली आहेत. भारतातलं घरभाडं, व्याज असं इतर उत्पन्न मोठं असेल तर नियम आणखी बारीक होतात. म्हणून करसल्लागाराची दोन वर्षांची फी पॅकेजमध्ये मागून घ्या.

७. सामान न्यायचं की तिकडे नवीन घ्यायचं? आणि कंपनीचा मूव्हर कोकणात येतो का?

येतो, पण कोटेशन बहुतेक वेळा ‘मुंबई’ धरून काढलेलं असतं. रत्नागिरी ते न्हावाशेवा बंदर हा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. छोटा टेम्पो, हमाल, एक मुक्काम हे मग तुमच्या अंगावर पडतं. कोटेशनवर उचलण्याचा पत्ता म्हणून गावचा पत्ता आणि पिनकोड घालायला लावा. वाडीपर्यंत मोठा ट्रक येत नसेल तर तेही आधीच सांगा.

वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ घनमीटर. चौघांचं कुटुंब फर्निचर न नेता आठ-दहा घनमीटरमध्ये बसतं, म्हणजे दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेला कंटेनर पुरतो. तो भरेपर्यंत थांबतो, म्हणून वेळ जास्त लागतो. युरोपला जाताना सामान दारात यायला दोन-अडीच महिने धरून चाला आणि तेवढ्या काळासाठी भाड्याचं फर्निचर मागा.

विम्याचं मी स्वतः शिकले ते असं. २०१४ मध्ये मस्कतला जाताना स्वयंपाकघर मीच बांधलं, परक्या माणसांच्या हाती द्यायला मन होईना. आईचा घावनाचा बिडाचा तवा, तेल लावून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पितळेच्या डब्यांबरोबर. जुलै महिना. खोका उघडला तेव्हा वर्तमानपत्र तव्याला चिकटलेलं, अक्षरं उलटी उमटलेली आणि खाली तांबडा गंज. डब्यांत ठेवलेल्या चादरींवर काळी बुरशी. विमा कंपनीने एका ओळीत दावा फेटाळला: मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यांची जबाबदारी नाही. तवा मी घासून, पुन्हा पुन्हा तेल देऊन वापरात आणला, चादरी टाकल्या.

तर, विमा हवा असलेलं सगळं मूव्हरच्या माणसांकडूनच बांधून घ्या, हवं तर शेजारी बसून बघा. पावसाळ्यात निघत असाल तर ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि आतून प्लास्टिकचं अस्तर कोटेशनमध्ये लिहून घ्या. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बोंबील कंटेनरमध्ये घालू नका. अन्नपदार्थांमुळे सगळा माल कस्टममध्ये अडकू शकतो, आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर झाडूच्या काड्यांचासुद्धा विचार करावा.

८. मुलं मराठी माध्यमात आहेत. शाळेचा खर्च कंपनी देते का?

आखातात सरकारी शाळा आपल्या मुलांसाठी नसतात असंच धरा, खाजगी शाळेची फी हा भाड्याखालोखालचा मोठा खर्च. त्यामुळे तिथे शिक्षणभत्ता मागणं अगदी रास्त आहे. मागताना फीबरोबर प्रवेशफी, बस, गणवेश, पुस्तकं हे शब्द घाला. जर्मनीत सरकारी शाळा मोफत आहेत, पण सगळं जर्मनमध्ये चालतं. तिथे फीऐवजी मुलांसाठी जर्मनची शिकवणी मागा, सहा महिने तरी. मराठीतून थेट इंग्रजीत जाणाऱ्या मुलालाही शिकवणी लागते आणि कंपन्या ती नाकारत नाहीत, मागणाराच विरळा.

वेळापत्रक जुळवा. दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या ऑगस्टच्या अखेरीस. प्र. ६ मधली सप्टेंबरची तारीख साधायला गेलात तर भारतीय शाळेचं अर्धं वर्ष उलटलेलं असतं. अशा वेळी जागा आहे का ते शाळेला विचारूनच सही करावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. जिल्हा परिषदेत त्यासाठी एक-दोन खेपा होतात.

९. मोठी यंदा दहावीला आहे. तिला आणि तिच्या आईला मार्चपर्यंत इथेच ठेवलं तर पॅकेज बुडेल का?

बहुतेक पत्रांत ‘रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत वापरावं’ अशी अट असते, ती मुदत बारा महिने करून घ्या. सामान दोन हप्त्यांत न्यायची मुभा, मधल्या काळात तुमची एक जादा फेरी आणि कुटुंब येईपर्यंत तुमच्यासाठी लहान घराची सोय, हे तिन्ही एका परिच्छेदात मागा. कारण ‘मुलीची बोर्डाची परीक्षा’ असं स्पष्ट लिहा. यावर अडून बसणारी कंपनी क्वचितच भेटते.

१०. मिसेसची नोकरी सुटणार आहे. त्याचं काही मिळतं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा नवरे विचारतात, तेही शेवटी. घरातला एक पगार बंद होणार, म्हणून तो हिशोबात पहिल्या पानावर यायला हवा. थेट भरपाई फार थोड्या कंपन्या देतात. जोडीदारासाठी भाषेचा वर्ग, पदवीची समकक्षता, परवान्याची परीक्षा, नोकरी शोधायला मदत यासाठी ठरावीक रक्कम मात्र मिळते. ती बाईच्या नावाने लिहून घ्यावी.

त्याआधी व्हिसा काम करू देतो का ते बघा. जर्मनीत ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला काम करायला मुभा आहे. अमेरिकेत एल-१ वर (त्याच कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) गेलात तर जोडीदार काम करू शकतो. एच-१बी वर (तिथल्या कंपनीतल्या कुशल नोकरीचा व्हिसा) गेलात तर ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय नाही. एकाच कंपनीत दोन्ही मार्ग खुले असतील तर या एका कारणासाठी एल-१ चा आग्रह धरण्यासारखा आहे. सिंगापुरात मे २०२१ पासून जोडीदाराला स्वतःचा कामाचा पास लागतो.

सरकारी शाळेत किंवा खात्यात असलेल्या बाईने लगेच राजीनामा देऊ नये. बिनपगारी असाधारण रजेची चौकशी आधी करावी.

११. आई-बाबा गावी एकटे राहणार. त्यांच्यासाठी काय मागता येईल?

‘कुटुंब’ या शब्दात बहुतेक कंपन्या नवरा-बायको आणि मुलं एवढंच धरतात. आई-बाबांचा व्हिसा आणि विमा मिळवणं अवघड, पण दोन गोष्टी मिळतात.

पहिली, आणीबाणीचं परतीचं तिकीट. आई-वडील, सासू-सासरे यांच्या गंभीर आजारपणाला किंवा मृत्यूला, वार्षिक तिकिटाव्यतिरिक्त, आणि भरपगारी पाच दिवस. सासू-सासरे हे शब्द मुद्दाम घाला.

दुसरी, मूळ विमानतळ. पत्रात ‘मुंबई’ छापलेलं असतं. दुबईहून मुंबई तीन तासांची, आणि मुंबईत उतरून मालवणला पोचायला त्याच्या तिप्पट वेळ. पावसात रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू असतं आणि महामार्गाचा भरवसा नसतो. जानेवारी २०२३ पासून गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाने मूळ विमानतळ म्हणून गोवा लिहून घ्यावं, मधे विमान बदलावं लागलं तरी. गुहागर-दापोलीकडच्यांना मुंबईच बरी, त्यांनी पुढच्या गाडीचं भाडं मागावं.

१२. लग्न गावच्या देवळात झालं, नोंदणीच केलेली नाही. बायकोचा व्हिसा अडेल का?

अडेल. आजच ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंदणीची चौकशी करा, लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी नोंदणी होते. मुलांच्या जन्मदाखल्यावरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव अक्षरासकट जुळायला हवं. माहेरचं-सासरचं नाव, वडिलांच्या नावातला ‘राव’, आडनावाचं स्पेलिंग यावर महिने जातात. भारत अपोस्टिल करारात आहे (एकाच शिक्क्यावर सदस्य देशांत कागद चालतो), ओमान आणि सौदी तो शिक्का मानतात. अमिरातीसाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. हा सगळा खर्च पॅकेजमध्ये बसतो, मुंबईच्या फेऱ्यांसकट. पावत्या जपा.

१३. मी वेल्डर आहे, एजंटमार्फत चाललोय. आम्हाला कसलं पॅकेज?

तुम्हालाही मागता येतं, फक्त बाबी वेगळ्या: जाण्या-येण्याचं तिकीट, राहणं, जेवण किंवा त्याचा भत्ता, वैद्यकीय विमा, कराराच्या शेवटी परतीचं तिकीट. हे एजंटच्या तोंडी सांगण्यावर न ठेवता करारात हवं. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागत असेल तर पावती मागा, आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासा. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते आणि आखातात जाण्याआधी मंजुरी लागते. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. खेड-मंडणगडकडची घरं यापायी कर्जात बुडालेली मी पाहिली आहेत.

कुटुंब नेण्याबद्दल: अमिरातीत त्यासाठी महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढा पगार लागतो. ३,८०० वर बोलणी अडली असतील तर त्या २०० दिरहमांसाठी जोर लावा. सौदीत सोबत नेलेल्या प्रत्येक माणसामागे महिना ४०० रियाल शुल्क आहे. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४००. ते कंपनी भरणार का, हे सहीआधी विचारा.

१४. दोन वर्षांत नोकरी सोडली तर सगळे पैसे परत द्यावे लागतील असं कलम आहे. सही करू का?

कलम असणं सर्वसाधारण आहे, त्यातले शब्द बदलून घ्या. तीन बदल. रक्कम महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जावी: चोवीस महिन्यांपैकी अठरा झाले तर चौथा हिस्साच परत. परत करायची ती रक्कम तुमच्या हातात आलेली, कर धरून नव्हे. आणि कंपनीने काढलं, शाखा बंद केली, व्हिसा वाढवला नाही किंवा गंभीर आजार झाला तर काहीच परत करायचं नाही.

नवऱ्याच्या पहिल्या करारात यातलं एकही नव्हतं. चौदाव्या महिन्यात तिथलं कार्यालयच बंद झालं आणि पूर्ण रकमेचं पत्र आमच्या दारात आलं. चार महिने भांडून निम्म्यावर मिटलं. त्या निम्म्यात आमच्या गच्चीचा पत्रा झाला असता.

१५. आहे त्याच कंपनीत बदली होतेय. नवीन नोकरीपेक्षा वेगळं काय मागायचं?

तुम्हाला इथल्याच पगारपत्रकावर ठेवून पाठवणार की तिथल्या शाखेत नव्याने घेणार, हे आधी विचारा. इथल्या पगारावर असाल तर पीएफ चालू राहतो. जर्मनी, नेदरलँड्स, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र घेऊन गेलात तर ठरावीक काळ तिथली वर्गणी भरावी लागत नाही. अमेरिकेशी असा करार नाही. तिथल्या शाखेत घेणार असतील तर इथली सेवाज्येष्ठता, ग्रॅच्युइटीची वर्षं आणि परत आल्यावर कोणत्या श्रेणीत घेणार, हे पत्रात हवं. ‘बघू की तेव्हा’ म्हणणारे साहेब तेव्हा त्या खुर्चीत नसतात.

१६. आंब्याची बाग आहे, शेजारचा काजूचा तुकडाही घ्यायचा आहे. अनिवासी झाल्यावर अडचण?

बाग तुमचीच राहते, वारसाने आलेली जमीनही ठेवता येते. मात्र अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. काजूचा तुकडा घ्यायचाच असेल तर जाण्याआधी खरेदीखत करा. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांतलं खातं) करावं लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतो, पुढे वाढवता येत नाही. बंद घराची देखभाल, पावसाआधीची कौलं, वाळवी यासाठी वेगळा भत्ता सहसा नसतो, पण ‘किरकोळ खर्च’ या रकमेत तो धरून मागता येतो.

१७. बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. आत्ता जावं का?

ते डॉक्टर ठरवतील. कंपनीला एवढंच विचारा की प्रसूतीचा विमा पहिल्या दिवसापासून आहे की थांबण्याची मुदत आहे. मुदत असेल तर बाळंतपण माहेरी आणि नंतर दोघांची तिकिटं, बाळाच्या पासपोर्ट-व्हिसाच्या खर्चासकट. मुदतवाढीसाठी प्र. ९ पाहा.

१८. वर्षाचं तिकीट मिळतं, पण गणपतीत जायला मिळेल याची खात्री नाही. हे करारात घालता येतं?

तारीख घालता येत नाही, शब्द घालता येतात. तिकीट ‘प्रत्यक्ष भाडं, कोणत्याही महिन्यात’ असं हवं. ठरावीक रोख रक्कम घेतलीत तर जुलै-ऑगस्टमध्ये, आखातातल्या शाळांना सुट्टी असताना, तेवढ्यात चौघं येऊ शकत नाहीत. गणपती दरवर्षी सरकतात: २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर. म्हणून घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या तारखांना प्रवास करायची मुभाही मागा. एक पुढे, बाकीचे मागून.

१९. परतीचं कोणी बोलतच नाही. ते आत्ताच विचारायचं का?

हो, आत्ताच. जाण्याचं जेवढं मिळालं तेवढंच परतीला मिळावं: सगळ्यांची तिकिटं, सामान, घराचा करार मोडल्याचा दंड, आणि नोकरी अचानक गेली तर मुलांचं चालू सत्र संपेपर्यंतची फी. कर्मचाऱ्याचं तिकडे निधन झालं तर पार्थिव आणि कुटुंब दोन्ही कंपनीच्या खर्चाने गावापर्यंत आणलं जाईल, हेही. हे वाक्य लिहायला हात धजत नाही, मला कळतं. खालच्या वाडीतल्या एका घरी ते कागदावर नव्हतं. थोरला मुलगा गेला तेव्हा धाकट्याने अकरा दिवस फोनवर काढले, आणि मुंबईहून पुढची शववाहिका गावकऱ्यांनी वर्गणी काढून आणली.